धाकूबुवांचं शेवटचं कडवं

गाडीची किल्ली फिरवण्याआधी विठ्ठल भुवड रोज डाव्या हाताने उजव्या कानाची पाळी धरायचे, ओठांतल्या ओठांत एक नाव घ्यायचे, आणि मगच कंपनीची पांढरी व्हॅन सुरू व्हायची. बहारीनच्या ईसा टाउनमधल्या त्यांच्या इमारतीखाली शाळेच्या बसची वाट बघत उभी असलेली मुलं हा प्रकार पाहून हसायची. त्यांची मुलगी रंजिता लहानपणी मैत्रिणींना अगदी खात्रीने सांगायची, आमची गाडी कान धरल्याशिवाय चालूच होत नाही.

ते नाव होतं धाकू रेवाळे यांचं, संगमेश्वराकडच्या एका वाडीतल्या शाहिरांचं. कोकणात गणपतीच्या दिवसांत जाखडी नाचतात, पायात चाळ बांधून, ढोलकी-झांजेवर गोल फिरत. त्यात गाणाऱ्यांचे दोन पक्ष असतात. शक्तीवाले म्हणतात आदिशक्ती थोर, तुरेवाले म्हणतात शिव थोर, आणि दोघे एकमेकांना गाण्यातून सवाल घालत, टोमणे मारत उजाडेपर्यंत भांडतात. धाकूबुवा शक्तीवाले. विठ्ठल त्यांचे शिष्य. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्यामागे झांज धरून उभे राहिलेले. पुढे आयटीआय करून ते बहारीनला आले, जनाबियातल्या एका कंपाउंडमध्ये व्हिलांचे एसी दुरुस्त करता करता मेंटेनन्सचे सुपरवायझर झाले. नोकरी बदलते, देश बदलतो, गुरू बदलत नसतो, हे ते कुणी न विचारताही सांगायचे.

माणूस रागीट होता. रांगेत मध्येच घुसणाऱ्यावर, पगार उशिरा देणाऱ्या कंपनीवर, फुकट गेलेल्या भातावर, बातम्या देणाऱ्या बाईच्या मराठीवर ते सारख्याच तिडिकेने चिडत. "ह्यांना दिवसातून एकदा रागावल्याशिवाय अन्न पचत नाही," असं त्यांची बायको मंगला पाहुण्यांना शांतपणे सांगे आणि पोळी वाढे. पण व्हॅन चालवताना ते गायचे. शाळेत सोडताना, आणताना, सिग्नलला अडकलेले असताना. रंजिताला मराठी समजायची आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. बाबा गाऊ लागले की ती खिडकीची काच वर करायची, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तरी गाणी आत राहिलीच. काच वर असल्यामुळे कदाचित जास्तच.

अल्बमची कल्पना विनीतची. विनीत रंजिताचा शाळेतला मित्र, आता जुफेरच्या एका हॉटेलात साउंडचं काम बघायचा. तिथे अमेरिकन नाविकांसाठी बँड त्यांच्या गावाकडची गाणी वाजवतात, त्याला ते कंट्री म्युझिक म्हणतात. एकदा घरी जेवायला आला असताना विनीतने फोनवर एक अल्बम लावला. कुणी एक म्हातारा कंट्री गायक होता, तो गेल्यावर त्याची गाणी नव्या लोकांनी एकेक करून गायली होती.

"याला ट्रिब्यूट अल्बम म्हणतात काका. जुन्या माणसाला मानवंदना. आपल्याकडे कोण करतं असं?"

विठ्ठल जेवण थांबवून ऐकत राहिले. शब्द एक कळत नव्हता. गाणं संपल्यावर म्हणाले, "ह्यो गडी रडत न्हाय. देवाशी भांडतोय. आपल्यातलाच हाय." मग विचारलं, "पन ह्यात त्या म्हाताऱ्याचं नाव कुठं येतं?"

"कव्हरवर."

"कव्हर गातं काय?"

सगळे हसले. विनीतही हसला. मग विठ्ठलनी त्याला समजावून सांगितलं की जाखडीच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव घालतो, आपल्या गुरूचं घालतो. ते कडवं म्हणजे गाण्याचा बाप. ते न म्हणता गाणं गायलं तर ती चोरी. आणि गुरूच्या माघारी ते कडवं शिष्याने म्हणायचं असतं.

"मग तुम्हीच म्हणा ना काका. प्रत्येक गाणं एकेक नवा गायक गाईल, शेवटचं कडवं तुमच्या आवाजात. एकदम भारी होईल."

"आनि कापाकापी?"

"तुम्ही म्हणाल तसंच. प्रॉमिस."

त्या रात्री नव्हे, नीट शुक्रवार बघून, सुटीच्या सकाळी अंघोळ करून त्यांनी गावी फोन लावला. धाकूबुवांची बायको गोदाबाई अजून हयात होती. परवानगी मागितली. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग ती म्हणाली, "गा रं बाबा. पन त्येंचं नाव नीट घे. हितं आता कोन घेत न्हाय."

खर्चाचं बघायला सुयोग पुढे आला. त्याची कार्गोची एजन्सी होती, आणि इथल्या कोकणी मित्रमंडळाचा तो अध्यक्ष होता. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात अल्बम निघेल, असं त्यानेच जाहीर केलं. एक गाणं रंजिता गाणार होती. बाबांनी तिला शिकवायला बसवलं तेव्हा लक्षात आलं की शिकवण्यासारखं काही उरलेलंच नाही. तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऊन दाखवलं. ते तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत म्हणाले, "इंग्लिश शाळेची फी फुकट गेली म्हनायची."

रेकॉर्डिंग झालं. विठ्ठलनी प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं उभं राहून म्हटलं, चपला बाहेर काढून. रंजिताच्या गाण्यातलं कडवं असं होतं:

गुरू सखारामाची छाया, धाकू रेवाळे बोले,
शक्तीवाचून शीव पांगळा, तुरा कशावर डोले.

शेवटच्या ओळीतला टोमणा तुरेवाल्यांना. तो म्हणताना त्यांच्या तोंडावर जे हसू यायचं, तसं रंजिताने त्यांना घरी हसताना पाहिलं नव्हतं.

महाराष्ट्र दिनाला हॉल भरला होता. धाकूबुवांचा मोठा फोटो, त्याला हार. विठ्ठल पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. सुयोगने रिमोट दाबला आणि पहिलं गाणं म्हणून रंजिताचंच वाजलं. ढोलकी सुरेख बसली होती, मागे कुठेतरी गिटारही होती. रंजिता बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या हाताकडे बघत होती. गाणं शेवटाकडे आलं तसा त्यांचा डावा हात वर गेला. गुरूचं नाव येणार म्हणून बोटांनी कानाची पाळी धरली.

नाव आलं नाही. ढोलकी हळूहळू बारीक होत गेली, आणि टाळ्या सुरू झाल्या.

हात तसाच राहिला. स्टेजवरून कुणीतरी म्हणालं, "बघा, काका किती भारावलेत." फोटो काढला गेला. दुसरं गाणं वाजलं, तेही तसंच संपलं. तिसऱ्यानंतर विठ्ठल उठले. त्यांच्यासाठी आणलेली शाल आणि नारळ टेबलावर ठेवून, मंगलाला "चल" म्हणून ते बाहेर पडले. पार्किंगमध्ये रंजिता धावत आली तर ते व्हॅनला टेकून उभे होते. रोज बोलणारा राग गप्प झाला, की माणसं घाबरतात. मंगलाने पदराने त्यांचा घाम पुसला.

विनीतचं म्हणणं साधं होतं. तीन मिनिटांच्या वर हल्ली कुणी ऐकत नाही. कुठून तरी कापावं लागतं. आणि सगळ्या गाण्यांत शेवटी तेच ते नाव परत परत येत होतं. ऐकणाऱ्याला ते रिपीट वाटतं. "कव्हरवर नाव केवढं मोठं दिलंय, बघ की." हे त्याने रंजिताला फोनवर सांगितलं, आणि त्याचा आवाज इतका निरागस होता की तिला फोन आपटावासा वाटला.

पुढच्या शुक्रवारी गोदाबाईचा फोन आला. सुनेच्या मोबाइलवर कुणीतरी गाणी पाठवली होती. विठ्ठलनी स्पीकर लावला. स्वयंपाकघरात रंजिताही ऐकत होती.

"ग्वाड झालंय रं," म्हातारी म्हणाली. "पोरीचा आवाज तर लय ग्वाड. पन म्या नुसती वाट बघत बसले. संपलं कवा ता कळलंच न्हाय."

विठ्ठल म्हणाले, "काकी, चुकी झाली. करतो नीट." फोन ठेवला आणि शर्ट चढवला.

सुयोगच्या ऑफिसात तिघे गेले. विठ्ठल, रंजिता, आणि हारून. हारूनचाचा कंपाउंडमधले इलेक्ट्रिशियन, रत्नागिरीकडचे, धाकूबुवांच्या शेजारच्या गावात वाढलेले. जाखडीचे सामने त्यांनी लहानपणी कुंपणावर बसून पाहिले होते. ते आले ते विठ्ठलना आवरायला. रंजिताही त्यासाठीच आली होती.

सुयोगने चहा मागवला. विठ्ठलनी कपाला हात लावला नाही.

"तू तुरेवाल्याचा नातू," ते म्हणाले. "भिकाजी शाहिराचा. तुज्या आज्याला आमच्या बुवांनी किती येळा गप्प बसवलान, त्येचा सूड आज काढलास. तुऱ्याला टोमना होता ना कडव्यात? झोंबला?"

सुयोग गोंधळला. "काका, आजोबा गायचे, एवढंच बाबा सांगायचे. मला त्यातलं काही माहीत नाही. खरंच. शक्ती आणि तुरा, म्हणजे नक्की काय फरक असतो?"

विठ्ठल त्याच्याकडे बघत राहिले. हारूनचाचांनी चहाचा कप उगाच फिरवला.

"आपण असं करू," सुयोग समजुतीने म्हणाला. "प्रत्येक गाण्याच्या आधी एक छोटी अनाउन्समेंट टाकू. 'शाहीर धाकू रेवाळे यांना मानवंदना.' चांगल्या आवाजात. खलास, विषय संपला."

"बुवा म्हंजे काय बस हाय? कुठल्या फलाटावर लागनार, तेपन सांगा मग."

आता सुयोगही तापला. त्याचा पैसा गेला होता, वेळ गेला होता, भर कार्यक्रमात शाल टेबलावर पडून राहिली होती. "काका, खरं बोलू? ती सगळी कडवी तुमच्या आवाजात होती. तुमचा आवाज कापला गेला म्हणून राग आलाय तुम्हाला. गुरूचं नाव पुढे करताय."

रंजिताला वाटलं, आता बाबा मारणार. हारूनचाचा खुर्चीतून अर्धे उठलेही. पण विठ्ठलनी काही केलं नाही. अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "माजा आवाज काड. दुसऱ्या कोनाचा घाल. गाढवाचा घाल. पन नाव घाल. न्हायतर समदं खाली काड. म्हातारीची परवानगी मी आनली होती, ती मी परत घेतली."

व्हॅन रस्त्याला लागली. मग हारूनचाचा म्हणाले, "विठू, तो सामना आठवतो काय रं तुला, वाडीतला?"

विठ्ठल हुंकारले. मग रंजितासाठी चाचांनीच सांगितलं. भिकाजी शाहिराच्या एका पोरगेल्या शिष्याने भर सामन्यात धाकूबुवांचं गाणं उचललं, शेवटचं कडवं गाळलं आणि आपलं नाव घालून टाळ्या घेतल्या. शक्तीवाले धावून जाणार, तेवढ्यात तुरेवाल्यांचे गुरू, खुद्द भिकाजी, उठले. सगळ्यांसमोर शिष्याच्या कानाखाली वाजवली. मग स्वतः झांज घेतली आणि धाकूबुवांचं मूळ कडवं पूर्ण म्हटलं. धाकू रेवाळे बोले, असं. तुऱ्याला मारलेल्या टोमण्यासकट. आणि म्हणाले, आता भांडूया.

"मला वाटलं ह्यो त्येंचा नातू म्हनून मुद्दाम केलान," विठ्ठल म्हणाले. सिग्नल हिरवा झाला होता आणि ते निघत नव्हते. मागची गाडी हॉर्न देत होती. "मुद्दाम केलान असतं तर बरं झालं असतं गो. वैऱ्याला म्हाईत असतं आपन काय कापतोय ता."

इंटरनेटवर चढवलेला अल्बम उतरवला गेला. विनीतने मुकाट्याने उतरवला. सुयोगने मात्र मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक संदेश टाकला. एका ज्येष्ठ सदस्याच्या हट्टापायी, वगैरे. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. भाजी बाजारात एक बाई मंगलाला म्हणाली, "एवढं चांगलं काम होत होतं, तुमच्या मिस्टरांनी खाल्लं." मंगला म्हणाली, "खाल्लं नाही हो, सध्या जेवतच नाहीत." आणि भेंडी निवडत राहिली.

रंजिताचाही संताप झाला होता, आणि तो दोन्हीकडचा होता. दाताच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं गाणं दोनदा ऐकलं होतं, केरळच्या नर्सने पाठ केलं होतं. आता कुणी लिंक मागितली की तिला सांगावं लागे, नाहीये. एका संध्याकाळी ती जेवता जेवता फुटली.

"इट वॉज माय फर्स्ट साँग, बाबा. त्यांनी अनाउन्समेंट देऊ केली होती. यू कुड हॅव ॲडजस्टेड. एकच तर कडवं होतं."

"तुजं आडनावपन काढून टाक मग. एकच शब्द हाय."

"टेक इट," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद झालं. म्हणजे घरातल्या पद्धतीने बंद. "तिला सांग, गिझर चालू राह्यलाय." "त्यांना सांग, माहितीये." मंगला मध्ये बसून निरोप न देता नुसती मान हलवायची, कारण दोघंही दोन हातांवरच बसलेली असायची. उन्हाळा चढला. बाहेर शिडीचा लोखंडी कठडा धरवेनासा झाला. राग मात्र घरात एसीखाली नीट टिकला.

जुलैमधल्या एका सकाळी जनाबियातल्या एका व्हिलाच्या जिन्यात विठ्ठल भुवड बसले ते उठले नाहीत. हारूनचाचांनी वरून आवाज दिला, मग खाली येऊन पाहिलं. त्यांनी रंजिताला फोन केला तेव्हा ती एका पेशंटची अपॉइंटमेंट लिहीत होती. पुढचे दिवस कागदांचे, सह्यांचे, विमानाचे. गावी चितेपाशी गोदाबाई काठी टेकत आली होती. तिने रंजिताच्या तोंडावरून हात फिरवला, आणि काही विचारलं नाही. तिने विचारलं नाही, याचंच रंजिताला परतीच्या विमानात रडू आलं.

सप्टेंबरात सुयोग आणि विनीत घरी आले. सुयोग खरोखर हळहळत होता. तो मनाने वाईट नव्हता, हे रंजिताला दिसत होतं आणि त्यामुळे तिचा राग जास्तच भडकत होता. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "आम्ही ठरवलंय, अल्बम परत काढायचा. आता दोघांना ट्रिब्यूट. गुरू-शिष्य. कव्हरवर दोघांचे फोटो, शेजारी शेजारी. काकांना आवडलं असतं."

"शेवटची कडवी?" रंजिताने विचारलं.

"घालू ना. हवं तर सगळ्या गाण्यांत घालू. काकांचा आवाज आहे, आता तर त्याला वेगळीच…" त्याने वाक्य सोडून दिलं आणि विनीतकडे पाहिलं.

विनीत जमिनीकडे बघत होता. "रंजू, फाइल्स नाहीयेत," तो म्हणाला. "फायनल झाल्यावर मी कापलेले तुकडे डिलीट केले. जागा नव्हती. मला वाटलं, ते कुणाला लागणार."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मंगलाने ऐकलं होतं.

चपला बाहेर काढून, उभे राहून म्हटलेलं. तुरा कशावर डोले, म्हणताना हसलेलं. तो आवाज आता कुठल्याच यंत्रात नव्हता. रंजिताने विनीतकडे पाहिलं. ओरडण्यासारखं पुष्कळ होतं. तोंडातून मात्र सरळ, कोरडं मराठी आलं, तिचं तिलाच अनोळखी.

"सगळी परत रेकॉर्ड करायची. पूर्ण. एक ओळ कापायची नाही. सहा मिनिटं होऊ देत नाहीतर सोळा."

"अगं, सगळे गायक परत कुठून गोळा करणार?" सुयोग म्हणाला.

"मी गाते. सगळी. शेवटची कडवीपण मीच म्हणणार. आणि कव्हरवर बाबांचा फोटो लावायचा नाही."

"फोटो नाही? मग ट्रिब्यूट कसलं?"

"ते झांज धरून मागे उभे राहायचे. त्यांना मागेच राहू दे. नाव धाकू रेवाळेंचं. ते गाण्यात."

सुयोगने तोंड उघडलं, तेवढ्यात विनीत म्हणाला, "मी करतो. स्टुडिओचं मी बघतो. माझ्या सुटीच्या दिवशी." त्याचे डोळे भरले होते. तिला त्याची कीव आली नाही. आज नाही.

सुयोगने मान डोलावली. शेवटी तोही दमला होता. उठता उठता म्हणाला, "निदान आत कुठेतरी त्यांच्याबद्दल चार ओळी देऊ. लोकांना भिडेल असं काहीतरी. शेवटचं काय बोलले होते गं ते? गुरूबद्दल, गाण्याबद्दल काही?"

त्याने फोन काढला आणि लिहून घ्यायला अंगठा तयार ठेवला.

जुलैमधल्या त्या शेवटच्या सकाळी ती खाली आपल्या गाडीपाशी उभी होती. बाबा व्हॅनकडे जाता जाता थांबले होते. मंगला वर होती, निरोप द्यायला मध्ये कुणीच नव्हतं. कित्येक आठवड्यांनी ते सरळ तिच्याशीच बोलले होते, आणि ती काही उत्तर न देता दार लावून निघून गेली होती.

"घे लिहून," रंजिता म्हणाली. "ते म्हणाले, 'रंजू, तुज्या गाडीच्या मागच्या उजव्या टायरात हवा कमी हाय. पंपावर भरून घे.'"